मागच्या चाकापासून सुरुवात

पुण्यात वेताळ टेकडीवर सायकल न्यायची तर पंक्चरची तयारी ठेवूनच न्यावी लागते. हिवर, खैर, बाभूळ, बोर अशी काटेरी झाडं तिथे जागोजाग आहेत आणि उन्हाळ्यात गिरिपुष्पाचा पाचोळा वाटेवर पसरला की खालचा काटा दिसतही नाही. माझी सायकल २९ इंची हार्डटेल. म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा फोर्क, केबलने ओढले जाणारे डिस्क ब्रेक, पुढे तीन आणि मागे सात गिअर. आपल्याकडे सुरुवातीच्या किमतीत मिळणाऱ्या बहुतेक माउंटन बाइक अशाच असतात. फ्रेम मात्र ॲल्युमिनियमची, मजबूत आणि माझ्या उंचीला अगदी बरोबर. ती मला बदलायची नव्हती. तिच्यावर लावलेले पार्ट टेकडीला पुरे पडत नव्हते, तेवढे बदलायचे होते. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, त्यापेक्षा नवीनच घ्या ना." मला ते पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. चांगली फ्रेम बाजूला टाकणं मला जिवावर येतं.

कुठून सुरुवात करायची, हा खरा प्रश्न होता. ज्यांना विचारलं त्यातले बहुतेक जण म्हणाले, आधी फोर्क बदल. फोर्क समोर दिसतो, रंगीत असतो, सायकल एकदम महागडी वाटायला लागते. मी मात्र आधी मला नेमका त्रास कशाचा होतोय ते एका कागदावर लिहून काढलं. पहिलं, काटे. दुसरं, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने चढताना सगळ्यात हलका गिअरही जड जातो. तिसरं, उतारावर ब्रेक दाबून दाबून बोटं भरून येतात. मग प्रत्येक त्रास सायकलच्या कुठल्या भागापर्यंत जातो ते शोधत गेले.

काट्यांवरचा उपाय म्हणजे ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूबऐवजी भोक बुजवणारा द्रव, सीलंट, आणि त्याला तशी रीम लागते. हलक्या गिअरसाठी मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा हवा, आणि तो बसायला तसं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग लागतो. बोटांच्या त्रासावर तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक हवेत, त्यांचा रोटर, म्हणजे ब्रेकची चकतीसुद्धा हबवरच बसते, आणि ती सहा बोल्टने बसणारी की मधल्या एका रिंगने (सेंटरलॉक) हे हबच ठरवतं. तिन्ही वाटा मागच्या चाकात येऊन मिळत होत्या. एखाद्याने आधी नुसता भारी डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग घेतला, तर तो जुन्या सात गिअरच्या फ्रीव्हीलवर वाया जातो. आधी महाग टायर घेतला, तर जुन्या रीमवर तो ट्यूब घालूनच चालवावा लागतो. चाक आधी केलं, तर पुढचा प्रत्येक रुपया कामी येतो. जुन्या सायकलवर खर्च करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते.

फ्रीव्हील आणि कॅसेट यांतला फरक दुकानात फार कमी वेळा समजावून सांगतात. स्वस्त सायकलीत मागच्या गिअरचा गठ्ठा आणि टिकटिक करणारी यंत्रणा एकत्रच असते आणि ती हबवर आट्यांनी पिळून बसवलेली असते. हे फ्रीव्हील. त्यात उजवीकडचे छरे गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला राहतात, त्यामुळे ॲक्सलचा बराचसा तुकडा आधाराशिवाय बाहेर उरतो. दगडावरून उडी मारली की सगळा भार त्याच तुकड्यावर. माझं जुनं हब उघडलं तेव्हा ॲक्सल वाकलेला होताच. कॅसेटच्या हबमध्ये टिकटिक करणारा भाग, म्हणजे फ्रीहब, हबचाच असतो, त्यावर गिअरच्या चकत्या खाचांमध्ये सरकवून बसवतात आणि छरे अगदी टोकापर्यंत जातात. टेकडीवर नियमित जाणाऱ्यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

खरेदीआधी मापं काढली. व्हर्निअर कॅलिपर साधा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तसला, पण त्याने माझे बरेच पैसे वाचवले. मागच्या दोन्ही ड्रॉपआउटच्या, म्हणजे फ्रेममध्ये ॲक्सल बसतो त्या खाचांच्या, आतल्या कडांमधलं अंतर १३५ मिमी, क्विक रिलीजचं. म्हणजे आजकालच्या बऱ्याच सायकलींवर असतं ते १४८ मिमीचं बूस्ट हब माझ्या फ्रेममध्ये बसणार नाही. बीबी (बॉटम ब्रॅकेट), म्हणजे क्रँकचा ॲक्सल फिरतो तो भाग, बसतो त्या नळीची रुंदी ७३ मिमी, आत आटे. सीटपोस्टचा व्यास, फोर्कची नळी बसते त्या हेडट्यूबचा वरचा आणि खालचा व्यास, ब्रेक कॅलिपर बसवायच्या जागेचा प्रकार, सगळं एका वहीत. टायरवर तर माप छापलेलंच असतं, ५४-६२२. त्यातला ६२२ हा रीमवर टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. २९ इंची, २७.५ इंची या बोलण्याच्या गोष्टी. ऑर्डर देताना ६२२ आणि ५८४ हेच आकडे बघावेत.

पूर्वी पुण्या-मुंबईचे बरेच सायकलवाले उत्तर आयर्लंडच्या चेन रिॲक्शन सायकल्सकडून पार्ट मागवायचे. विगलसह ती कंपनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आर्थिक अडचणीत सापडून प्रशासकांच्या ताब्यात गेली. तसंही बाहेरून मागवलं की सीमाशुल्क आणि पार्सलची वाट बघणं आलंच. मी सगळं भारतातूनच घेतलं, काही पुण्यातल्या दुकानांतून, काही ऑनलाइन. एका ऑनलाइन विक्रेत्याने सहा बोल्टच्या रोटरऐवजी सेंटरलॉक रोटर पाठवले. खोक्यावर मात्र बरोबर माल असल्याचं स्टिकर होतं. परत करून बदली मिळायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून पार्ट हातात आला की खोकं फोडतानाच वहीतल्या मापाशी ताडून बघते. बसवायला घेतल्यावर चूक कळली तर परत घेताना विक्रेता पार्ट वापरलेला आहे म्हणतो.

हब घेतलं शिमानोचं, ३२ भोकांचं, सहा बोल्टच्या रोटरचं, जुन्या धाटणीच्या हायपरग्लाइड खाचांच्या फ्रीहबचं. इथे बऱ्याच जणांनी सांगितलं की मागे बारा गिअरचं, १२ स्पीडच घे, नव्या धाटणीच्या खाचांचं मायक्रोस्प्लाइन घे. मायक्रोस्प्लाइनचा फायदा असा की त्यावर १० दात्यांची सर्वांत लहान चकती बसते. हायपरग्लाइडवर ११ च्या खाली जाता येत नाही. पण मी काही उतारावर शर्यत लावत नाही. हायपरग्लाइडच्या कॅसेट कुठेही मिळतात, स्वस्त असतात, आणि शिमानोने २०२३ मध्ये आणलेल्या क्यूज मालिकेच्या कॅसेटही त्याच फ्रीहबवर बसतात. क्यूजचे शिफ्टर आणि डिरेलर वेगळे घ्यावे लागतील ते खरं, पण चाक तरी जुनं होणार नाही. पुण्यात राहून, पुण्यातल्या दुकानात काय मिळतं ते बघूनच पार्ट निवडावा असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात चेन तुटली आणि तिची जोडकडी गावात कुणाकडेच नसली, तर त्या बारा गिअरचं काय करायचं?

रीम घेतली ट्यूबलेस रेडी, आतून २५ मिमी रुंद. जुनी रीम अरुंद होती, त्यामुळे टायर वर फुगून उभा राहायचा आणि वळणावर लोळायचा. रीमची भोकंही ३२ च हवीत, हबशी जुळणारी. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण दुकानात ३६ भोकांची रीम माझ्या हातात ठेवली होती.

चाक बांधायला पेठेतल्या एका काकांकडे गेले. त्यांच्या दुकानावर सायकलची पाटीसुद्धा आता वाचता येत नाही, पण चाकातला आउट, म्हणजे वाकडेपणा काढायला अजून लांबून लोक येतात. मी स्पोकची लांबी मोबाइलवर काढून नेली होती. त्यांनी ती बघितली नाही.

"ताई, आधी रीम आणि हब द्या. स्पोक नंतर आणायचे."

"काका, माप कंपनीने दिलंय की."

"कंपनीचं माप बरोबर असेलही. पण रीम माझ्या हातात आहे तर मी मोजून का घेऊ नये?"

दोन जुने स्पोक त्यांनी ठरावीक लांबीला कापून ठेवलेले होते. ते रीमच्या समोरासमोरच्या भोकांत निपलसह, म्हणजे स्पोक आवळायच्या छोट्या नटसह घातले, दोन्ही टोकं ओढून धरली आणि मधलं अंतर मोजलं. रीमचा कामाचा व्यास असा मिळतो. मग हबच्या दोन्ही फ्लँजचे, म्हणजे स्पोक अडकतात त्या कडांचे व्यास आणि मध्यापासूनची अंतरं. कॅसेटच्या बाजूची फ्लँज मध्याच्या जवळ असते, त्यामुळे तिकडचे स्पोक थोडे आखूड आणि जास्त ताणलेले. दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळी लांबी त्यांनी पाठीमागच्या कॅलेंडरवर लिहिली. माझ्या मोबाइलवरच्या आकड्यापेक्षा त्यांची एका बाजूची लांबी एक मिलिमीटर कमी होती. आम्ही त्यांचीच धरली.

चाक बांधताना बघणं ही फार सुंदर गोष्ट आहे. प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तीन स्पोकना ओलांडतो आणि तिसऱ्याशी विणला जातो. सगळे घातले की चाक अजून लुळंच असतं. मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून प्रत्येक निपल सारख्या वेढ्यांनी आवळत जायचं, पुन्हा फिरून तिथेच यायचं. काका मधूनमधून स्पोक बोटाने छेडत होते. तानपुऱ्याच्या तारा लावाव्यात तसे एका बाजूचे सगळे एका सुरात येईपर्यंत ते थांबले नाहीत. शेवटी समांतर स्पोकच्या जोड्या दोन्ही हातांनी घट्ट दाबल्या. पीळ निघून जाण्यासाठी हे करावं लागतं, नाहीतर पहिल्याच फेरीत चाकातून कटकट आवाज येतात आणि आउट येतो. मजुरी त्यांनी जी सांगितली ती इतकी कमी होती की मी स्वतःहून वाढवून दिली. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे. ते शहर चालवणारे हे हात आहेत, आणि त्यांच्याकडून हे शिकून घेणारी मुलं मला दुकानात दिसली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढचं चाकही त्यांच्याकडूनच बांधून घेतलं.

ट्यूबलेस मी घरी केलं. रीमच्या आतल्या बाजूला टेप लावण्याआधी स्पिरिटने पुसून घ्यायचं, टेप ताणून लावायचा आणि व्हॉल्व्हच्या भोकाच्या पुढेपर्यंत दुसरा थर न्यायचा. व्हॉल्व्ह बसवायला सुरीने चीर देऊ नये. तापवलेल्या सळईच्या टोकाने गोल भोक पाडलं की टेप फाटत जात नाही. टायर २९ गुणिले २.२५, कडेच्या भिंती जाड असलेला. टायरच्या कडा रीमवर टणकन बसायला एकदम भरपूर हवा लागते, घरच्या पंपाने ती येत नाही. व्हॉल्व्हवर पितळी ॲडॅप्टर लावून पेट्रोल पंपावर नेलं. सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर तिथलं नोझल थेट बसत नाही, म्हणून तो बोटभर ॲडॅप्टर खिशात हवाच. कडा बसल्या की हवा सोडायची, व्हॉल्व्हचा गाभा काढून साधारण १०० मिली सीलंट आत घालायचं, गाभा परत लावून हवा भरायची आणि चाक आडवं धरून हलवत फिरवायचं. पहिली रात्र थोडी हवा उतरते, मग थांबते.

फरक पहिल्याच चक्करमध्ये कळला. ट्यूब असताना मी ३५-४० पीएसआय भरायचे, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडायची. आता पुढे २०, मागे २३. माझं वजन साठ किलोच्या आसपास आहे, जास्त वजन असेल तर थोडी जास्त हवा लागेल. सैल मुरमावर चाक घसरत नाही, दगडावरून जाताना टायर स्वतःच दबतो. काटा लागतो, पांढरा थेंब बाहेर येतो, थांबतो. एक सांगायला हवं, सीलंट पातळ रबराचं असतं आणि ते वाळतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर लवकर वाळतं. दर दोन-तीन महिन्यांनी आत सळी घालून बघते आणि लागेल तसं भरते.

गिअरचा हिशोब मला फार आवडला. जुन्यात पुढचं सर्वांत लहान चक्र २४ दात्यांचं आणि मागची सर्वांत मोठी चकती २८ ची. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८६ फेरे फिरणार, जमिनीवर जवळजवळ दोन मीटर. नवीन व्यवस्थेत पुढे एकच चक्र ३२ चं, मागे १० स्पीडची ११-४६ कॅसेट. सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात १.६ मीटर. जोराच्या बाजूला पाहिलं तर जुना ४२ ला १४ म्हणजे ३, नवा ३२ ला ११ म्हणजे २.९. वर जवळजवळ काहीच गमावलं नाही आणि खाली चढासाठी भरपूर मिळालं, तेही एकवीसऐवजी दहाच गिअरमध्ये. पुढचा डिरेलर, डावा शिफ्टर, त्याची केबल सगळं उतरलं.

डिरेलर शिमानोच्या डिओर मालिकेतला एम५१२०. त्याच्या पिंजऱ्याला क्लच असतो, त्यामुळे खडबडीत उतारावर चेन फ्रेमवर आपटत नाही. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे आणि चक्रं, बदलावाच लागला, कारण जुन्याची तिन्ही चक्रं रिव्हेटने कायमची जोडलेली होती. जुनं बीबी काढताना दुकानातल्या मुलाने दोन्ही बाजू एकाच दिशेने फिरवायला घेतल्या. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, डाव्या पायडलचे उलटे असतात तसेच. मी थांबवलं म्हणून फ्रेमचे आटे वाचले. यासाठी तरी सायकलच्या मालकाने काम चालू असताना शेजारी उभं राहावं. कुणी त्यात अपमान मानू नये.

ब्रेकबद्दल थोडक्यात. शिमानोचे एमटी२०० घेतले, खनिज तेलावर चालणारे. पुढे १८० मिमी रोटर, मागे १६०. त्यासाठी पुढच्या कॅलिपरखाली ॲडॅप्टर लागतो, तो रोटरबरोबर येत नाही. तयार तेल भरून येणाऱ्या संचात बरेचदा पुढचा ब्रेक डाव्या हाताला जोडलेला असतो, युरोप-अमेरिकेच्या सवयीप्रमाणे. मोटारसायकल चालवणारी माझी उजवी मूठ पुढच्या ब्रेकसाठीच आहे, म्हणून दुकानात नळ्या सोडवून, बाजू बदलून, परत तेल भरून घेतलं. नवीन पॅड घासून बसवल्याशिवाय टेकडीवर जाऊ नये. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडकवता हळूहळू दाबत वेग कमी करायचा, असं पुन्हा पुन्हा. चेनवर स्प्रे मारताना रोटर झाकायचा. तेलाचा एक शिंतोडा पडला तरी पॅड गेले. पावसाळ्यात मुरमाचा चिखल रेझिनचे पॅड भराभर खातो, म्हणून एक जोडी घरी असतेच. आता उतारावर मी एका बोटाने ब्रेक धरते आणि बाकीच्या बोटांनी हँडल.

लहानसहान वस्तूंमध्ये सर्वांत आधी घ्यावा तो जादा डिरेलर हँगर. डिरेलर ज्या कानावर टांगलेला असतो तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे आपटल्यावर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक फ्रेमचा तो वेगळा असतो आणि मॉडेल बंद झालं की मिळेनासा होतो. दुसरं, चेन किती ताणली ते बघायची पट्टी. चेन वेळेवर बदलली तर महाग कॅसेट वाचते. तिसरं, टॉर्क पाना. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट पाच न्यूटन मीटरच्या आसपास, कॅसेटची लॉकरिंग चाळीस. अंदाजाने आवळलं तर एक ढिलं राहतं, एक तुटतं. आणि घंटी. सकाळी टेकडीवर आजी-आजोबा फिरायला येतात, मोर येतात. त्यांची टेकडी आहे, आपण वेगाने येणारे आहोत. लांबूनच घंटी वाजवून हळू व्हावं.

फोर्क अजून जुनाच आहे. त्याची स्प्रिंग माझ्या वजनाला फार कडक आहे, अर्धा प्रवासही, म्हणजे फोर्क जेवढा दबू शकतो त्याच्या अर्धाही, वापरला जात नाही. हवेचा फोर्क असता तर शॉक पंपाने दाब कमी करून मला हवा तसा मऊ करता आला असता. पण हेडट्यूबचं माप सांगतं की वरपासून खालपर्यंत सरळ, २८.६ मिमीची नळी असलेलाच फोर्क बसेल, आणि बाजारात आता खाली रुंद होत जाणाऱ्या नळीचेच जास्त येतात. प्रवास १०० मिमीच हवा. १२० चा लावला तर सायकलचं तोंड वर उचललं जातं, हेडट्यूबचा कोन जवळपास एका अंशाने झोपतो आणि फ्रेमवर तिच्या बांधणीपेक्षा जास्त ताण येतो. म्हणून वापरलेला, चांगल्या स्थितीतला फोर्क शोधतेय. त्यात एक अडचण आहे. आधीच्या मालकाने नळी आपल्या फ्रेमच्या मापाने कापलेली असते. माझ्या फ्रेमला, स्टेम आणि स्पेसर धरून, १८५ मिमी नळी लागते. जाहिरातीत हे माप क्वचितच लिहिलेलं असतं, त्यामुळे फोटो, किंमत, रंग याआधी मी विकणाऱ्याला नळीला पट्टी लावून फोटो पाठवायला सांगते. आतापर्यंत आलेल्या सगळ्या आखूड निघाल्या.